बोलून लिहिताना फोन मराठी ऐकेनासा झाला तर

तक्रार बहुधा याच शब्दांत येते: ‘अहो, परवापर्यंत छान चालत होतं, आज हा माझं ऐकतच नाही.’ या ‘ऐकत नाही’मध्ये किमान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. त्यांतला आपला कोणता, हे ठरवण्याआधीच सेटिंग्ज उघडून इकडेतिकडे बोटे लावली, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यात नव्या एखाद्याची भर पडते. म्हणून आधी लक्षण ओळखावे.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे कीबोर्डवर माइकचे चिन्ह दिसतच नाही, किंवा ते फिकट होऊन त्यावर आडवी रेघ आलेली असते. दुसऱ्या प्रकारात चिन्ह दाबता येते, बोलण्याची सूचनाही येते, पण कितीही बोलले तरी एक अक्षर उमटत नाही. तिसरे लक्षण माझ्यापुढे सर्वांत जास्त वेळा येते: अक्षरे उमटतात, पण ती मराठी नसतात, ‘मी घरी आहे’ म्हटले की ‘में घरी आ है’ असे काहीतरी येते, किंवा थेट रोमन लिपीतले शब्द येतात. चौथ्यात पहिली दोन वाक्ये व्यवस्थित येतात आणि मग माइक आपोआप बंद होतो. पाचव्यात भाषा बरोबर असते, माइक चालू असतो, तरीही चुका इतक्या होतात की त्या दुरुस्त करण्यापेक्षा हाताने लिहिलेले बरे वाटावे. याखेरीज ‘घरी चालते, पण गाडीत चालत नाही’ अशी तक्रार असेल, तर तिचे मूळ बहुधा इंटरनेटमध्ये असते आणि फोन उघडण्याची वेळच येत नाही.

गिरगावात माझे अक्षरजुळणीचे दुकान आहे आणि शनिवारी दुपारी दादरच्या एका वाचनालयात ज्येष्ठ वाचकांचे फोन मी पाहून देतो. कोणाचा हात थरथरतो, कोणाला चष्मा लावूनही कीबोर्डवरची जोडाक्षरे दिसत नाहीत, कोणी आयुष्यभर मोडीत किंवा इंग्रजीत हिशेब लिहिले, पण मराठी टंकलेखनाशी कधी संबंध आला नाही. अशा माणसाला बोलून लिहिण्याची सोय म्हणजे सुखसोय नव्हे. नातवाला लिहायचे पत्र, सोसायटीला द्यायचा अर्ज, आठवणींची वही, हे सगळे त्या एका चिन्हावर अवलंबून असते. त्यामुळे हा बिघाड किरकोळ समजून सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पुढचे सर्व विवेचन अँड्रॉइड फोन आणि त्यावरचा गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड धरून केले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी त्यात बोलून लिहिण्याची सोय आली. हिंदीला ती आधीपासून होती. सेटिंग्जमधली नावे प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडी बदलतात, म्हणून मी नावापेक्षा अर्थ सांगतो. सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘माइक’, ‘कीबोर्ड’ किंवा ‘परवानगी’ असा शब्द टाकला की ती जागा सहसा सापडते.

आधी फोनच्या अंगावरून हात फिरवा

या तपासणीला पैसा लागत नाही आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळही लागत नाही. फोनच्या खालच्या कडेला चार्जिंगची खाच असते. तिच्या एका बाजूला बहुधा स्पीकरची जाळी असते आणि आसपास कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढे एकटे छिद्र असते. तो मुख्य माइक. दुसरा माइक वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ असतो आणि आजूबाजूचा गोंगाट वजा करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. नवे कव्हर घातले असेल, तर त्याची भोके या छिद्रांवर नेमकी येतात का, ते पाहावे. दुसऱ्या मॉडेलचे कव्हर ओढूनताणून बसवलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

मुंबईत जूनपासून आणखी एक कारण हमखास सापडते, ते म्हणजे फोनची प्लास्टिकची पिशवी. पावसाचे चार महिने फोन झिप असलेल्या पारदर्शक पिशवीत ठेवला जातो आणि तिच्यातूनच बोलले जाते. फोनवर संभाषण होते, कारण पलीकडचा माणूस अर्धवट ऐकू आलेले वाक्य अंदाजाने पुरे करतो आणि नाहीच समजले तर पुन्हा विचारतो. यंत्राला तसे विचारता येत नाही. पिशवीतून ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’ यांसारख्या वर्णांमधली हवा माइकपर्यंत नीट पोहोचतच नाही, आणि ‘साखर’ सांगावी तर भलताच शब्द उमटतो. पिशवी आणि कव्हर दोन्ही काढून एकदा बोलून पाहावे.

छताचा पंखा थेट डोक्यावर असेल, तर दोन हात बाजूला सरकून बसावे. वाऱ्याचा झोत छिद्रावर आला की माइकमध्ये घरघर भरते आणि आपले शब्द तिच्याखाली दबतात. वरळी सी फेसला किंवा मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसून निरोप बोलणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. फोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. अगदी ओठांसमोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फुत्कार माइकवर आदळतो.

आवाज मुद्रित करून पाहा

बाकी सगळे विसरलात तरी हे करा. फोनमधले व्हॉइस रेकॉर्डरचे अ‍ॅप उघडून दहा सेकंद बोला आणि ऐका. रेकॉर्डर नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच क्रमांकाला आवाजी निरोप पाठवून ऐका. मग मागच्या कॅमेऱ्याने दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि त्यातलाही आवाज ऐका.

या तपासणीने सगळा प्रश्न दोन भागांत विभागला जातो. मुद्रित आवाज स्वच्छ असेल, तर माइक ठीक आहे आणि बिघाड भाषा, परवानगी, इंटरनेट किंवा अ‍ॅप यांत आहे. म्हणजे तो घरी बसून, एक रुपयाही न खर्चता दुरुस्त होण्यासारखा आहे. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा असेल किंवा नुसतीच खरखर असेल, तर पुढचे भाषेचे आणि परवानगीचे उपाय करत बसण्यात अर्थ नाही. असा आवाज आलेल्यांनी थेट माइकच्या स्वच्छतेच्या भागाकडे जावे. व्हिडिओत आवाज स्वच्छ आणि रेकॉर्डरवर दबका, असा फरक आढळला, तर खालचा माइक अडलेला आहे आणि वरचा किंवा मागचा शाबूत आहे, असा तर्क बहुतेक फोनांत बरोबर ठरतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहा फोनांपैकी आठ-नऊ या चाचणीत उत्तीर्ण होतात. ‘माइक गेला’ असे ऐकून नव्या फोनची तयारी करणाऱ्यांना म्हणूनच मी आधी हा दहा सेकंदांचा आवाज ऐकवतो.

फोन हिंदी ऐकतो आहे का?

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसतात, माणूस समजतो की मराठी चालू आहे, आणि सगळा दोष आपल्या उच्चारांना देतो. एक आजी तीन आठवडे रोज अधिकाधिक मोठ्याने बोलत होत्या. ‘माझे दात गेले, म्हणून त्याला समजत नसेल,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटले. दात गेले होते हे खरे, पण त्यांच्या कीबोर्डची भाषा हिंदी होती.

ओळखण्यासाठी मी एकच वाक्य वापरतो: ‘काळा कावळा फळावर बसला.’ प्रमाण हिंदीच्या लेखनात ‘ळ’ नाही. त्यामुळे कीबोर्ड हिंदी ऐकत असेल, तर ‘काला’, ‘कावला’, ‘फल’ असे काही उमटते. मराठी ऐकत असेल, तर ‘ळ’ जागच्या जागी येतो. एखाददुसरा ‘ळ’ चुकला तर ती ऐकण्यातली चूक असू शकते. तिन्ही चुकले, तर भाषाच चुकीची निवडलेली आहे.

उपाय सोपा आहे. कीबोर्ड उघडल्यावर स्पेसबारवर भाषेचे नाव दिसते. तिथे ‘मराठी’ नसेल, तर शेजारचे पृथ्वीगोलाचे चिन्ह दाबून किंवा स्पेसबार दाबून धरून मराठी निवडावी आणि मगच माइक दाबावा. यादीत मराठी नसेलच, तर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी कीबोर्ड जोडावा. कीबोर्डची भाषा आणि बोलण्याची भाषा एकत्र चालतात, हे कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे इंग्रजी कीबोर्ड उघडा ठेवून मराठी बोलणारे पुष्कळ असतात. रोमन अक्षरे येण्याचे कारण बहुधा तेच.

हा बिघाड पुन्हापुन्हा उद्भवतो, त्याचे कारण ते गोलाचे चिन्ह. ते स्पेसबारला खेटून असते आणि थरथरत्या अंगठ्याचा धक्का त्याला सहज लागतो. घरातल्या मुलाने खेळासाठी फोन घेतला, तरी परत मिळतो तेव्हा भाषा बदललेली असते. ज्यांना फक्त मराठीच लिहायची आहे, त्यांच्या फोनवरून मी हिंदी कीबोर्ड काढूनच टाकतो आणि मराठी व इंग्रजी असे दोनच ठेवतो. चुकून बदल झाला तरी लिपीच बदलते आणि ते लगेच डोळ्यांना दिसते. यादीत पाच-सहा भाषा ठेवण्यापेक्षा ही व्यवस्था मला जास्त सुरक्षित वाटते.

माइक वापरण्याची परवानगी

भाषा बरोबर आहे, मुद्रण स्वच्छ आहे, तरी अक्षर उमटत नाही, म्हणजे दुसरे लक्षण, अशा वेळी परवानगी तपासावी. अँड्रॉइड १२ पासून फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढल्यावर जी चौकोनी बटणे दिसतात, त्यांत माइक पूर्ण बंद करण्याचे एक बटण असू शकते. ते चुकून दाबले गेले, तर अ‍ॅपला परवानगी असूनही त्याच्यापर्यंत फक्त शांतता पोहोचते. याच आवृत्तीपासून माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. बोलताना ती खूण दिसते की नाही, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स या भागात जाऊन जीबोर्ड आणि गुगल या दोन्ही अ‍ॅपांना माइकची परवानगी आहे का, ते पाहावे. बोलण्यासाठी वेगळे अ‍ॅप घेतले असेल, तर त्याचेही पाहावे. परवानगी विचारणाऱ्या चौकटीत ‘अ‍ॅप वापरताना’, ‘फक्त या वेळी’ आणि नकार, अशा अर्थाचे तीन पर्याय येतात. सावध माणूस ‘फक्त या वेळी’ निवडतो आणि त्याचे चूक आहे असे म्हणता येत नाही. पण ती परवानगी अ‍ॅप बंद झाल्यावर थोड्याच वेळात संपते, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तीच चौकट येते. कंटाळून दोनदा नकार दाबला गेला, तर अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनांत ती चौकट येणेच थांबते. मग माइक मुका होतो आणि कोणतीही सूचना येत नाही. शिवाय काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या याच आवृत्तीपासून आपोआप काढून घेतल्या जातात. गावी जाऊन तीन-चार महिन्यांनी परतलेल्या काकांचे अ‍ॅप ‘काहीही न करता’ बंद पडते, ते यामुळे. त्यांनी खरोखरच काही केलेले नसते. रोजच्या वापरातल्या कीबोर्डला ‘अ‍ॅप वापरताना’ ही परवानगी द्यावी, असे माझे मत आहे. ती दिल्याने माइक चोवीस तास उघडा राहत नाही.

माइकचे चिन्हच नाहीसे झाले असेल, तर आपण कोणत्या चौकटीत लिहीत आहोत ते पाहावे. पासवर्डच्या चौकटीत जीबोर्ड ते चिन्ह मुद्दाम दाखवत नाही आणि ते योग्यच आहे. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा क्रमांक या गोष्टी लोकलच्या डब्यात मोठ्याने बोलून लिहिण्याच्या नव्हेत. साध्या निरोपाच्या चौकटीतही चिन्ह नसेल, तर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइस टायपिंग बंद झालेले असते, किंवा फोनने कंपनीचा दुसरा कीबोर्ड पुढे आणलेला असतो.

कानातले यंत्र आणि दुसरी अ‍ॅप्स

ब्लूटूथ एकदा बंद करून पाहावे. कानात घालायची बिनतारी यंत्रे डबीतून नीट बंद न होता पिशवीत पडलेली असली, तर फोन त्यांच्या माइकला जोडलेला राहू शकतो. आपण फोनसमोर बोलतो आणि फोन पिशवीतला काळोख ऐकत असतो. फोनवर संभाषण चालू असताना बोलून लिहिता येत नाही, कारण त्या वेळी माइक संभाषणाकडे असतो. अँड्रॉइड १० च्या आधीच्या फोनांत एका वेळी एकाच अ‍ॅपला माइक मिळत असे. त्यामुळे जुन्या फोनवर मागे चालू राहिलेला रेकॉर्डर किंवा पडद्याचे चित्रण करणारे अ‍ॅप बंद करून पाहावे.

इंटरनेट

बोललेला आवाज फोनमध्येच अक्षरांत बदलण्यासाठी त्या भाषेची माहिती फोनमध्ये उतरवलेली असावी लागते. ती नसेल तर आवाज इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो आणि अक्षरे परत येतात. व्हॉइस टायपिंगच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन भाषांची यादी असल्यास ती उघडून पाहावी; तिच्यात मराठी दिसली तर वायफायवर असताना ती उतरवून घ्यावी. दिसली नाही, तर आपल्या फोनवर बोलून लिहिण्यासाठी इंटरनेट लागणारच, हे धरून चालावे. मग भुयारी मेट्रोत, इमारतीच्या लिफ्टमध्ये किंवा दोन स्थानकांमध्ये रेंज तुटते तिथे वाक्य अर्ध्यावर का थांबते, याचा उलगडा होतो. अशा प्रवासात मी लोकांना रेकॉर्डरवर बोलून ठेवायला सांगतो. घरी गेल्यावर ते ऐकत पुन्हा बोलणे हे तुटलेल्या वाक्यांची डागडुजी करण्यापेक्षा कमी त्रासाचे होते.

दोन सिमकार्डे असतील, तर डेटा कोणत्या सिमवर आहे आणि त्याचा आजचा कोटा संपला नाही ना, ते पाहावे. इंटरनेटचा वापर आवरणारा डेटा सेव्हर चालू असेल, तर बंद करून पाहावा. फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हेही पाहावे. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेल्या फोनची तारीख कधीकधी मागे जाते आणि मग सुरक्षित जोडणी नाकारली जाते. तारीख आपोआप ठरण्याचा पर्याय चालू केला की हा प्रश्न संपतो.

बोलण्याची रीत

आता चौथे आणि पाचवे लक्षण. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांनी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत श्रुतलेखन घातले आहे आणि फोनलाही त्या तसेच घालत होत्या: ‘आमची... शाळा... सकाळी... भरत असे.’ प्रत्येक शब्दानंतर मुलांची पाटीवरची पेन्सिल थांबेपर्यंत जेवढा वेळ लागे, तेवढाच त्या थांबत. इथेच त्यांचा माइक बंद पडत होता, कारण काही सेकंद शांतता मिळाली की बोलणे संपले असे समजून अ‍ॅप ऐकणे थांबवते. आणि माइक चालू राहिला तरी सुटा शब्द ओळखणे यंत्राला जड जाते. मागचे-पुढचे शब्द पाहून ते अंदाज बांधते, त्यामुळे ‘भरत’ हे नाव की क्रियापद, हे त्याला ‘शाळा सकाळी भरत असे’ असे अखंड ऐकल्यावरच कळते. मी बाईंना म्हटले, ‘बाई, फोनला विद्यार्थी समजू नका, शेजारच्या बाईंना सांगता तसं एका दमात सांगा.’ वाक्य आधी मनात जुळवायचे, मग माइक दाबायचा, वाक्य संपवायचे आणि थांबायचे, अशी सवय त्यांना दोन शनिवारांत लागली. त्यांचा माइक त्यानंतर अर्ध्यात बंद पडलेला नाही.

ओरडू नये आणि अक्षरे तोडूही नयेत. ‘का-व-ळा’ असे फोडून म्हटलेला शब्द कोणाच्याच बोलण्यात येत नाही, म्हणून तो ओळखलाही जात नाही. मालवणी, आगरी किंवा वऱ्हाडी बोलीतला शब्द सांगितला, तर यंत्र त्याच्या जवळपासचा प्रमाण शब्द लिहिते. तो शब्द तेवढा हाताने लिहावा. बोली बदलण्याची गरज नाही. विरामचिन्हेही हातानेच देणे मला सोयीचे वाटते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी फार आग्रही आहे. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ घाईत बोलले तर माणसेही चुकतात. ‘अडीचशे’, ‘पावणेतीनशे’, ‘दीड हजार’ यांचेही कधी अंक होतात, कधी अक्षरे, कधी भलतेच काही. रक्कम, फोन क्रमांक आणि औषधाचे प्रमाण या तीन गोष्टी पाठवण्यापूर्वी डोळ्यांनी वाचाव्यात. नजर साथ देत नसेल, तर घरातल्या कोणाकडून वाचून घ्याव्यात.

अनेकजण बोलून लिहिलेला मजकूर छपाईसाठी माझ्याकडे पाठवतात आणि ‘तुमच्याकडे अक्षरं फुटली’ म्हणतात. फोनवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जगभर चालणाऱ्या सामाईक संकेतांत, असतो आणि जुन्या छपाईच्या फॉन्टांची रचना निराळी असते. तो मजकूर छापखान्यात रूपांतरित करून घ्यावा लागतो. त्यात फोनचा दोष नसतो आणि बोलणाऱ्याचाही नसतो.

अ‍ॅपची डागडुजी

इथपर्यंत सगळे करूनही माइक मुका असेल, तर फोन बंद करून पुन्हा चालू करावा. मग प्ले स्टोअरमधून जीबोर्ड, गुगल आणि गुगलचे आवाज ओळखणारे अ‍ॅप अद्ययावत करावे. ही तिन्ही एकमेकांवर अवलंबून असतात आणि एकच पुढे जाऊन बाकीची मागे राहिली तर त्यांचे आपसांत जुळत नाही. फोनची जागा भरली असेल, तर अद्ययावत होणेच अडते. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपमधले ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ आधी काढावेत. पुढे अ‍ॅपच्या माहितीत जाऊन कॅशे, म्हणजे तात्पुरता साठवलेला भाग, पुसावा. त्याच्याच शेजारी सगळा डेटा पुसण्याचे बटण असते, ते सहज दाबू नये, कारण कीबोर्डने आतापर्यंत शिकलेले तुमचे शब्द आणि केलेल्या सेटिंग्ज त्याने जातात.

शेवटी सेफ मोड. पॉवरचे बटण दाबून येणारा ‘बंद करा’ हा पर्याय दाबून धरला, की बऱ्याच फोनांत सेफ मोडमध्ये सुरू करण्याविषयी विचारणा होते. या स्थितीत आपण बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स बंद राहतात. तिथे बोलून लिहिता आले, तर अलीकडे घेतलेले एखादे अ‍ॅप माइक अडवते आहे, असे समजावे आणि ती एकेक करून काढून पाहावीत. फोन पुन्हा सुरू केला की सेफ मोड जातो.

फॅक्टरी रीसेट करावा का, म्हणजे सगळे पुसून फोन नव्यासारखा करावा का, असे मला नेहमी विचारतात. मी नको म्हणतो. मुद्रित आवाजच खराब असेल, तर रीसेटने तो सुधारणार नाही. आवाज चांगला असेल, तर वरच्या उपायांनी काम बहुधा होते. मधल्या मध्ये फोटो आणि क्रमांक मात्र जातात.

माइकचे छिद्र साफ करताना

ज्यांच्या मुद्रणात आवाज दबका आला, त्यांच्यासाठी हा भाग. फोन बंद करावा. कोरडा, मऊ केसांचा नवा टूथब्रश घेऊन फोनचे तोंड खाली करावे आणि छिद्रावरून हलक्या हाताने आडवा फिरवावा, म्हणजे निघालेली धूळ आत न जाता खाली पडते. खिशातला कापडाचा भुगा, पावडर आणि पीठ, एवढे बहुधा यातच निघते. स्क्रीनगार्डचा गोंद छिद्रावर आला असेल, तर तो बाजूला करावा.

टाचणी, सुई किंवा सिमची पिन आत घालू नये. सिमचा ट्रे काढायचे छिद्र आणि माइकचे छिद्र दिसायला सारखेच असते, आणि काही फोनांत ते शेजारीशेजारी असते. चुकीच्या छिद्रात पिन गेली, तर आतली बारीक जाळी किंवा माइकच फाटतो. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. पावसात भिजलेला फोन असेल, तर तो बंद करून, सिमचा ट्रे काढून, छिद्रे खाली येतील असा पंख्याखाली एक दिवस ठेवावा आणि तोवर चार्जिंगला लावू नये. तांदळाच्या डब्यात पुरल्याने तांदळाचा भुसा खाचेत जातो. हेअर ड्रायरच्या उष्णतेने गोंद आणि बॅटरी दोन्हींना धोका पोहोचतो.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

साफसफाईनंतर आणि सेफ मोडमध्येही रेकॉर्डर मुका असेल, तर घरचे उपाय संपले. फोन समुद्राच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात पडला असेल, तर वाट न पाहता तो बंद ठेवून त्याच दिवशी दाखवावा. खाऱ्या पाण्याने आतले सांधे गंजत जातात आणि आज चालणारा माइक आठवड्याने बंद पडतो. फोनची पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला, तर तो दाबू नये आणि चार्जही करू नये. ती बॅटरीची खूण आहे आणि तिथे माइकचा विचारच सोडून द्यावा. फोन कार्यालयाने दिलेला असेल, तर माइकवर तिथूनच निर्बंध असू शकतो, त्यामुळे आधी तिथल्या संगणक विभागाला विचारावे.

वॉरंटी असेल, तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावे, कारण बाहेर उघडलेल्या फोनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी संपली असेल, तर लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट हे परिसर मुंबईकरांना ठाऊक आहेतच. पण घराजवळचा ओळखीचा कारागीर मिळाला, तर मी त्याला पसंती देईन, कारण काम बिघडले तर परत जाता येते. त्याला ‘माइक गेला’ एवढेच सांगू नये. रेकॉर्डरवर काय ऐकू आले, व्हिडिओत काय ऐकू आले आणि चार्जिंग नीट होते का, हे तिन्ही सांगावे. अनेक फोनांत खालचा माइक चार्जिंगच्या छोट्या बोर्डावरच बसवलेला असतो. चार्जिंगही अडखळत असेल, तर त्या बोर्डाकडे त्याचे लक्ष आधी जाईल आणि मुख्य बोर्डाला हात लावायची वेळ कदाचित येणार नाही.

जाण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा क्रमांक, कागदावर लिहून ठेवावा. पडद्याचे कुलूप उघडण्याचा आकडा कागदावर लिहून देऊ नये; शक्य असेल, तर काम होईपर्यंत समोर बसावे. खर्चाचा अंदाज आणि बदललेल्या भागाची हमी आधी ठरवून घ्यावी. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पूर्वीइतके भरवशाचे राहत नाही, हे ध्यानात ठेवून पुढच्या पावसाळ्यात त्याला जपावे.

फोन परत मिळाला की गल्ल्यावर पैसे ठेवण्यापूर्वी तिथेच रेकॉर्डर उघडून दहा सेकंद बोलून ऐकावे. मग कीबोर्ड उघडून स्पेसबारवर ‘मराठी’ आहे ना ते पाहावे, माइक दाबावा आणि न लाजता, नेहमीच्या आवाजात, ‘काळा कावळा फळावर बसला’ असे म्हणून तिन्ही ‘ळ’ उमटतात का ते बघावे.